ओक्स एम्स (१८०४–१८७३) : उद्योग, लोकप्रतिनिधित्व आणि क्रेडिट मोबिलियर प्रकरण

प्रस्तावना

वीणा गवाणकर यांच्या 'एक होता कार्व्हर' (१९८१) या चरित्रामुळे जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर हे नाव मराठी वाचकांच्या परिचयाचे झाले. कार्व्हर यांनी १८९१ मध्ये ज्या कृषी महाविद्यालयात प्रवेश घेतला, ते आयोवा राज्यातील एम्स या गावी होते. या गावाचे नाव कोणा शिक्षणतज्ज्ञावरून वा शास्त्रज्ञावरून आलेले नाही. १८६४ मध्ये लोहमार्गाच्या निमित्ताने वसलेल्या या गावाला रेल्वे-उद्योजक जॉन इन्स्ली ब्लेअर यांनी आपल्या एका सहकाऱ्याचे नाव दिले. मॅसॅच्युसेट्समधील फावड्यांचे कारखानदार आणि अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहाचे सदस्य ओक्स एम्स हे ते सहकारी होत. अवघ्या नऊ वर्षांनी प्रतिनिधिगृहाने याच एम्स यांच्या वर्तनाचा ठरावाद्वारे तीव्र निषेध केला आणि त्यानंतर सुमारे दहा आठवड्यांत त्यांचे निधन झाले.

ओक्स एम्स यांचे नाव इतिहासात मुख्यतः 'क्रेडिट मोबिलियर' या आर्थिक गैरव्यवहाराशी निगडित राहिले आहे. पहिला आंतरखंडीय लोहमार्ग पुरा करणारा खंबीर उद्योजक असे त्यांचे एक चित्र रंगविले जाते, तर लोकप्रतिनिधींना विकत घेणारा धनिक असे दुसरे. या दोन चित्रांपैकी खरे कोणते, असा प्रश्न विचारला की उत्तर व्यक्तीच्या स्वभावात शोधावे लागते. प्रस्तुत लेखात हा प्रश्न थोडा वेगळ्या रीतीने मांडला आहे. सार्वजनिक साहाय्यावर उभ्या राहिलेल्या कामात ज्याने स्वतःची संपत्ती गुंतविली आहे, त्याने त्याच कामासंबंधी कायदे करणाऱ्या सभागृहात बसावे काय? १८६० च्या दशकातील अमेरिकी राज्यव्यवस्थेने या प्रश्नाचे स्पष्ट उत्तर दिलेले नव्हते. एम्स यांचे उत्कर्ष आणि पतन या दोहोंचा उगम या अनुत्तरित प्रश्नात होता, असे येथे प्रतिपादन केले आहे.

कौटुंबिक पार्श्वभूमी आणि फावड्यांचा उद्योग

ओक्स एम्स यांचा जन्म १० जानेवारी १८०४ रोजी मॅसॅच्युसेट्स राज्यातील ईस्टन येथे झाला. त्यांचे वडील ऑलिव्हर एम्स हे व्यवसायाने लोहार होते. ईस्टन येथे १८०३ मध्ये स्थायिक होऊन त्यांनी ओढ्याच्या पाण्याच्या शक्तीवर चालणारा फावडी घडविण्याचा कारखाना सुरू केला. ओक्स यांचे औपचारिक शिक्षण बेताचेच झाले. सोळाव्या वर्षाच्या सुमारास ते कारखान्यात दाखल झाले आणि भट्टीपासून विक्रीपर्यंत उद्योगाची सर्व अंगे त्यांनी प्रत्यक्ष कामातून आत्मसात केली. १८४४ मध्ये वडिलांनी कारभार ओक्स आणि त्यांचे धाकटे बंधू ऑलिव्हर (जन्म १८०७) यांच्या स्वाधीन केला. 'ऑलिव्हर एम्स अँड सन्स' ही पेढी यानंतर दोघा भावांच्या नावाने ओळखली जाऊ लागली.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास फावडे हे आर्थिक विस्ताराचे मूलभूत साधन होते. कालवे खणणे, लोहमार्गासाठी भराव घालणे, खाणीतील माती उपसणे ही सारी कामे मनुष्यबळावर आणि हाती धरावयाच्या अवजारावर अवलंबून होती. १८४८ मध्ये कॅलिफोर्नियात आणि १८५१ मध्ये ऑस्ट्रेलियात सोन्याचा शोध लागल्यावर एम्स यांच्या फावड्यांना दूरदूरच्या बाजारपेठा मिळाल्या. पुढे यादवी युद्धात (१८६१–१८६५) खंदक आणि तटबंदीच्या कामांसाठी संघराज्याच्या सैन्याकडून मोठी मागणी आली. इंग्रजीत फावड्याला आणि पत्त्यांतील इस्पिकाला एकच शब्द आहे. त्यावर श्लेष करून ओक्स एम्स यांना लोक 'इस्पिकचा राजा' म्हणू लागले. या बिरुदात कौतुक होते. देशाच्या उभारणीला लागणारे एक साधे, टिकाऊ अवजार प्रामाणिकपणे घडविणारा माणूस, अशी त्यांची प्रतिमा त्यामागे होती.

राजकारणातील प्रवेश आणि पॅसिफिक रेल्वेचे कायदे

एम्स हे गुलामगिरीच्या विस्ताराचे विरोधक होते. कॅन्सस प्रदेशात गुलामगिरीविरोधी वसाहतवाल्यांना साहाय्य करणाऱ्या चळवळीला त्यांनी पाठबळ दिले आणि रिपब्लिकन पक्षाच्या स्थापनेनंतर ते त्या पक्षाशी जोडले गेले. १८६० मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या गव्हर्नरांच्या कार्यकारी मंडळावर त्यांची निवड झाली. ४ मार्च १८६३ पासून ३ मार्च १८७३ पर्यंत, म्हणजे सलग पाच मुदतींसाठी, ते प्रतिनिधिगृहाचे सदस्य होते. ते वक्ते नव्हते. सभागृहातील भाषणांपेक्षा समित्यांचे काम आणि खाजगी भेटीगाठी यांवर त्यांचा भर असे. पॅसिफिक रेल्वेविषयक समितीतील सदस्यत्व त्यांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे ठरले.

१ जुलै १८६२ रोजी संमत झालेल्या पॅसिफिक रेल्वे कायद्याने मिसुरी नदीपासून पश्चिमेकडे लोहमार्ग बांधण्यासाठी युनियन पॅसिफिक कंपनी स्थापन झाली. कॅलिफोर्नियाकडून पूर्वेकडे येणारा मार्ग सेंट्रल पॅसिफिक कंपनीकडे सोपविण्यात आला. लोहमार्गाच्या प्रत्येक मैलामागे प्रदेशाच्या स्वरूपानुसार १६,०००, ३२,००० वा ४८,००० डॉलरचे सरकारी कर्जरोखे आणि सरकारी जमीन देण्याची तरतूद या कायद्यात होती. तथापि ज्या प्रदेशात वस्ती नाही, माल नाही, उतारू नाहीत, अशा प्रदेशातून जाणाऱ्या रेल्वेत पैसा घालण्यास गुंतवणूकदार पुढे येईनात. म्हणून १८६४ च्या सुधारणा कायद्याने जमिनीचे प्रमाण मैलामागे १० वरून २० चौरस मैलांवर नेले. कंपनीला स्वतःचे पहिल्या तारणाचे रोखे काढण्याची मुभा मिळाली आणि सरकारचे कर्ज दुसऱ्या तारणाच्या पायरीवर उतरले. ही जमीन निर्मनुष्य मानून वाटली गेली असली, तरी ती शायान, लाकोटा, पॉनी आदी मूलनिवासी जमातींच्या वावराची होती. त्यांच्या हक्काचा विचार या सौद्यात नगण्य होता, याची नोंद येथे केली पाहिजे.

या कायद्यातील दोन तरतुदी पुढील घटनाक्रमाच्या दृष्टीने निर्णायक आहेत. पहिली अशी की, कंपनीचे समभाग दर्शनी किमतीस आणि रोख रकमेनेच विकले जावेत. दुसरी अशी की, कंपनीच्या संचालक मंडळावर राष्ट्राध्यक्षांनी नेमलेले काही सरकारी संचालक असावेत आणि त्यांनी कंपनीचे भागधारक असू नये. हितसंबंध आणि देखरेख एकाच हाती असू नयेत, हे तत्त्व कायदेकर्त्यांना ज्ञात होते, हे या दुसऱ्या तरतुदीवरून दिसते. मात्र हेच तत्त्व त्यांनी स्वतःला लावले नाही. काँग्रेसच्या सदस्याने युनियन पॅसिफिकचे वा तिच्या कंत्राटदाराचे समभाग घेऊ नयेत, असे बंधन या कायद्यात कोठेही नव्हते.

क्रेडिट मोबिलियरची रचना आणि कार्यपद्धती

क्रेडिट मोबिलियर ही संस्था मुळात १८५९ मध्ये पेनसिल्व्हेनिया राज्याने सनद दिलेली एक वित्तीय कंपनी होती. युनियन पॅसिफिकचे उपाध्यक्ष टॉमस ड्युरँट यांनी १८६४ मध्ये ती ताब्यात घेतली. त्यांचे सहकारी जॉर्ज फ्रान्सिस ट्रेन यांनी फ्रान्समधील एका प्रसिद्ध वित्तसंस्थेवरून तिला हे नवे नाव सुचविले. या सनदेचा मोठा लाभ असा की भागधारकांची जबाबदारी त्यांच्या गुंतवणुकीपुरती मर्यादित राहत असे.

या कंपनीच्या व्यवहाराचे स्वरूप समजून घेतल्याशिवाय प्रकरणाचे मर्म कळत नाही. युनियन पॅसिफिकचे प्रमुख भागधारक हेच क्रेडिट मोबिलियरचेही भागधारक होते. युनियन पॅसिफिक बांधकामाचे कंत्राट चढ्या दराने देई आणि ते फिरून क्रेडिट मोबिलियरकडे येई. कामाचा मोबदला युनियन पॅसिफिक धनादेशाने चुकता करी. तोच धनादेश देऊन क्रेडिट मोबिलियर युनियन पॅसिफिकचे समभाग आणि रोखे दर्शनी किमतीस विकत घेई. 'दर्शनी किंमत, रोख रक्कम' ही कायद्याची अट कागदोपत्री पाळली जाई. प्रत्यक्षात मात्र बाजारात ज्यांना त्या किमतीच्या जवळपासही गिऱ्हाईक नव्हते, ते समभाग कंत्राटाचा मोबदला म्हणून हस्तांतरित होत. रेल्वे चालवून होणारा नफा अनिश्चित आणि दूरचा होता. बांधकामातून होणारा नफा तत्काळ आणि निश्चित होता, आणि तो घेणारे व देणारे एकच होते.

१८६४ मध्ये हर्बर्ट हॉक्सी यांच्या नावे झालेल्या पहिल्या कंत्राटाचा दर मैलाला ५०,००० डॉलर होता. मुख्य अभियंता पीटर डे यांचा अंदाज याहून पुष्कळ कमी होता. या कंत्राटाचा निषेध म्हणून त्यांनी डिसेंबर १८६४ मध्ये पदाचा राजीनामा दिला. गैरव्यवहाराची पहिली स्पष्ट खूण एका अभियंत्याने ओळखली आणि त्यासाठी मोठे पद सोडले, ही बाब उल्लेखनीय आहे.

एम्स बंधू या उद्योगात १८६५ पासून मोठ्या प्रमाणावर उतरले. राष्ट्राध्यक्ष अब्राहम लिंकन यांनी ओक्स एम्स यांना बोलावून हा लोहमार्ग हाती घेण्याची गळ घातली, असे परंपरेने सांगितले जाते. त्यांनी स्वतःची आणि बॉस्टन परिसरातील परिचितांची मोठी रक्कम क्रेडिट मोबिलियरमध्ये घातली, यात शंका नाही. ड्युरँट यांचा भर बांधकामातील झटपट नफ्यावर होता, तर एम्स बंधू रेल्वेच्या दीर्घकालीन भवितव्याविषयी अधिक आशावादी होते. या दोन गटांत तीव्र संघर्ष झाला आणि १८६७ मध्ये ड्युरँट क्रेडिट मोबिलियरच्या कारभारातून बाहेर फेकले गेले. ऑगस्ट १८६७ मध्ये ६६७ मैलांचे नवे कंत्राट थेट ओक्स एम्स यांच्या नावे झाले. त्याची रक्कम सुमारे ४ कोटी ७० लाख डॉलर होती. ऑक्टोबरमध्ये हे कंत्राट सात विश्वस्तांकडे सोपविण्यात आले आणि त्याचा नफा क्रेडिट मोबिलियरच्या भागधारकांना मिळेल अशी व्यवस्था झाली.

संघराज्याशी कंत्राट करण्यास काँग्रेसच्या सदस्यांना मनाई करणारा कायदा १८०८ पासून अस्तित्वात होता. परंतु एम्स यांचे कंत्राट सरकारशी नव्हते, सरकारी साहाय्यावर चालणाऱ्या कंपनीशी होते. अक्षरशः पाहता कायदा मोडला गेला नाही. त्याचा हेतू मात्र निष्फळ ठरला.

समभागांचे वाटप

डिसेंबर १८६७ मध्ये क्रेडिट मोबिलियरने युनियन पॅसिफिकचे रोखे आणि समभाग यांच्या रूपाने मोठा लाभांश जाहीर केला. त्यामुळे १०० डॉलर दर्शनी किमतीच्या तिच्या समभागाचे मोल दुपटीच्या आसपास वा त्याहून अधिक झाले. याच सुमारास विस्कॉन्सिनचे प्रतिनिधी कॅडवॉलडर वॉशबर्न यांनी पॅसिफिक रेल्वेच्या दरांवर सरकारी नियंत्रण आणण्याचा प्रस्ताव मांडला होता. १८६७–६८ च्या हिवाळ्यात एम्स यांनी विश्वस्त या नात्याने स्वतःकडे ठेवलेल्या ३४३ समभागांपैकी बरेचसे समभाग काँग्रेसच्या सदस्यांना देऊ केले. किंमत दर्शनी, अधिक व्याज. ज्यांच्याजवळ रोख रक्कम नव्हती त्यांच्या खात्यावर येणारा लाभांशच किमतीपोटी जमा करण्यात आला. म्हणजे काहींना प्रत्यक्ष काही न मोजता भागधारक होता आले.

हे वाटप कोणत्या हेतूने झाले, याचा पुरावा एम्स यांच्याच लेखणीतून आला. क्रेडिट मोबिलियरचे एक भागधारक हेन्री मॅककोम यांनी आपल्याला अधिक समभाग मिळावेत असा आग्रह धरला होता. त्यांना जानेवारी आणि फेब्रुवारी १८६८ मध्ये लिहिलेल्या पत्रांत एम्स यांनी समभाग कोणत्या राज्यांतील सदस्यांना दिले हे कळविले आणि ते जेथे आपल्याला सर्वाधिक उपयोगी पडतील तेथे ठेवले आहेत, अशा आशयाचा खुलासा केला. या पत्रांत लपवाछपवी नाही, अपराधीपणाची भावना नाही, सांकेतिक भाषाही नाही. एखाद्या व्यापाऱ्याने भागीदाराला मालाच्या वाटणीचा हिशेब द्यावा, तसा त्यांचा सूर आहे. एम्स यांना आपण काही गैर करीत आहोत असे वाटत नव्हते, हे या पत्रांतून जितके स्पष्ट होते तितके त्यांच्या नंतरच्या कोणत्याही बचावातून होत नाही. व्यापारात हितसंबंधीयांना नफ्यात सहभागी करून घेणे हा शहाणपणा मानला जातो. तोच नियम त्यांनी विधिमंडळाला लावला.

१० मे १८६९ रोजी युटामधील प्रॉमोंटरी येथे दोन्ही बाजूंचे रूळ जोडले गेले. ओमाहापासून तेथवर युनियन पॅसिफिकने १,०८६ मैलांचा मार्ग बांधला होता. तथापि यशाबरोबर एम्स यांना स्वास्थ्य लाभले नाही. रेल्वेवरील कर्जाचा बोजा आणि इतर गुंतवणुकी यांच्या ताणाखाली १८७० मध्ये एम्स पेढीला देणी भागविणे अशक्य झाले आणि धनकोंकडून मुदत मागून घ्यावी लागली.

चौकशी आणि ठराव

बांधकाम कंपनीच्या आडून होणाऱ्या या व्यवहाराची कुणकुण आधीपासून होती. चार्ल्स फ्रान्सिस ॲडम्स (कनिष्ठ) यांनी १८६९ मध्येच 'नॉर्थ अमेरिकन रिव्ह्यू' या नियतकालिकातील लेखात एकाच मंडळींनी एका हाताने कंपनी म्हणून पैसा घ्यावयाचा आणि दुसऱ्या हाताने कंत्राटदार म्हणून तो उचलावयाचा, या पद्धतीवर बोट ठेवले होते. परंतु लोकक्षोभ उसळला तो १८७२ च्या अध्यक्षीय निवडणुकीच्या धामधुमीत. मॅककोम यांनी न्यायालयात लावलेल्या दाव्यातील कागदपत्रे हाती आल्यावर न्यूयॉर्कच्या 'द सन' या वृत्तपत्राने ४ सप्टेंबर १८७२ रोजी समभाग घेणाऱ्यांची नावे छापली. 'इस्पिकचा राजा' आता मथळ्यांतून 'फसवेगिरीचा राजा' म्हणून मिरवू लागला.

डिसेंबर १८७२ मध्ये सभापती जेम्स ब्लेन यांनी आपले आसन तात्पुरते सोडून चौकशीची मागणी केली. त्यांचेही नाव यादीत आले होते, पण त्यांनी समभाग नाकारले होते असे पुढे निष्पन्न झाले. व्हरमाँटचे ल्यूक पोलंड यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. आरंभी तिचे कामकाज बंद दाराआड चालले आणि टीका झाल्यावर ते खुले करण्यात आले. साक्षींत अनेक मान्यवरांची त्रेधा उडाली. उपराष्ट्राध्यक्ष स्काइलर कोलफॅक्स यांनी लाभांश मिळाल्याचा इन्कार केला. एम्स यांच्या टिपणवहीत मात्र १,२०० डॉलरच्या धनादेशाची नोंद निघाली आणि त्याच सुमारास तितकीच रक्कम कोलफॅक्स यांच्या बँकखात्यात भरल्याचे आढळले. हेन्री विल्सन यांनी पत्नीच्या नावे घेतलेले समभाग परत केले होते. जेम्स गारफिल्ड यांनी आपण समभाग घेतलेच नाहीत असे सांगितले. एम्स यांच्या म्हणण्याप्रमाणे त्यांना ३२९ डॉलर पोचले होते. सहकाऱ्यांना सांभाळून घेण्याची एम्स यांची प्रारंभीची भूमिका होती. पण ज्यांना आपण मित्र समजून भागीदार केले, तेच आपल्याला खोटे पाडीत आहेत असे दिसल्यावर त्यांनी टिपणवही समितीपुढे ठेवली आणि एकेक व्यवहार सांगितला.

१८ फेब्रुवारी १८७३ रोजी पोलंड समितीने अहवाल सादर केला. एम्स यांनी सदस्यांच्या मतांवर प्रभाव पाडण्याच्या हेतूने समभाग दिले, म्हणून त्यांना सभागृहातून काढून टाकावे, अशी शिफारस तिने केली. न्यूयॉर्कचे डेमोक्रॅट प्रतिनिधी जेम्स ब्रुक्स यांच्याविषयीही हीच शिफारस होती. ब्रुक्स हे युनियन पॅसिफिकचे सरकारी संचालक असून त्यांच्या जावयाच्या नावे क्रेडिट मोबिलियरचे समभाग होते. समभाग घेणाऱ्या इतर प्रतिनिधींच्या ठिकाणी मात्र भ्रष्ट हेतू नव्हता आणि देणाऱ्याचा हेतू त्यांना ठाऊक नव्हता, असा निष्कर्ष समितीने काढला.

एम्स यांनी लेखी निवेदनाद्वारे बचाव केला. आपण समभाग फुकट दिले नाहीत, विकले. त्या वेळी काँग्रेसकडे मागावयाची कोणतीही सवलत शिल्लक नव्हती. आणि ज्याला लाच दिली जात आहे याची जाणीवच नाही, अशा माणसाला लाच कशी देता येईल? हा शेवटचा प्रश्न तर्कदृष्ट्या बिनतोड होता. लाच हा दोन पक्षांतील व्यवहार आहे. घेणारे निर्दोष असतील तर देणारा दोषी कसा, आणि देणारा दोषी असेल तर घेणारे सुटतात कसे, याचे समाधानकारक उत्तर समितीच्या अहवालात नव्हते.

दरम्यान न्याय समितीने, सदस्याच्या निवडीपूर्वीच्या वर्तनाबद्दल त्याला काढून टाकण्याचा अधिकार सभागृहास आहे काय, याविषयी शंका उपस्थित केली. १८६७–६८ मधील वर्तनानंतर एम्स दोनदा निवडून आले होते. अखेर हकालपट्टीऐवजी निषेधाचा मार्ग स्वीकारण्यात आला. २७ फेब्रुवारी १८७३ रोजी एम्स यांच्याविरुद्धचा ठराव १८२ विरुद्ध ३६ मतांनी, तर ब्रुक्स यांच्याविरुद्धचा १७४ विरुद्ध ३२ मतांनी संमत झाला. एम्स यांची मुदत संपण्यास त्या वेळी चार दिवस उरले होते. १८७२ च्या निवडणुकीस ते उभे राहिलेच नव्हते.

ठरावानंतरचे वास्तव अधिक बोलके आहे. न्यू हॅम्पशायरचे सिनेटर जेम्स पॅटरसन यांच्या हकालपट्टीची शिफारस झाली होती, पण मुदत संपल्यामुळे त्यावर निर्णय झाला नाही. हेन्री विल्सन यांनी ४ मार्च १८७३ रोजी उपराष्ट्राध्यक्षपदाची सूत्रे घेतली. गारफिल्ड १८८१ मध्ये राष्ट्राध्यक्ष झाले. १८८० च्या प्रचारात विरोधकांनी जागोजागी ३२९ हा आकडा रंगविला, तरी त्यांची निवड रोखली गेली नाही. ब्रुक्स ३० एप्रिल १८७३ रोजी निवर्तले. ईस्टनच्या नागरिकांनी एम्स यांचे आपुलकीने स्वागत केले होते. परंतु मे महिन्याच्या आरंभी त्यांना पक्षाघाताचा झटका आला आणि ८ मे १८७३ रोजी त्यांचे निधन झाले.

स्मारके आणि इतिहासकारांचे मूल्यमापन

एम्स यांच्या नावावरील कलंक पुसण्याचा प्रयत्न कुटुंबाने, कंपनीने आणि राज्याने केला. वास्तुविशारद हेन्री हॉब्सन रिचर्डसन यांनी नॉर्थ ईस्टन येथे ओक्स एम्स स्मृतिसभागृह बांधले. वायोमिंगमध्ये शर्मन या मार्गावरील सर्वोच्च ठिकाणी युनियन पॅसिफिकने दोघा बंधूंचे ६० फूट उंचीचे दगडी पिरॅमिडवजा स्मारक १८८२ मध्ये पूर्ण केले. त्याचाही आराखडा रिचर्डसन यांचाच असून त्यावरील शिल्पे ऑगस्टस सेंट-गॉडन्स यांची आहेत. १८८३ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळाने ओक्स एम्स यांच्या सचोटीची ग्वाही देणारा ठराव केला. त्यांचे पुत्र ऑलिव्हर पुढे १८८७ ते १८९० या काळात त्या राज्याचे गव्हर्नर होते. प्रतिनिधिगृहाने मात्र आपला ठराव मागे घेतला नाही. पुढे लोहमार्गाची दिशा बदलली, शर्मनची वस्ती उठली आणि ते स्मारक माळरानावर एकाकी उरले.

इतिहासकारांची मतेही बदलत गेली. नफ्याची मोजणी करणाऱ्या जेरेमाया विल्सन यांच्या समितीने १८७३ मध्ये नफा २ कोटी डॉलरहून अधिक ठरविला होता. अर्थेतिहासकार रॉबर्ट फोगेल यांनी १९६० मध्ये युनियन पॅसिफिकच्या अभ्यासात तो सुमारे १ कोटी ३० लाख ते १ कोटी ६५ लाख डॉलर असल्याचे दाखविले. पत्करलेला धोका पाहता यातील बराचसा भाग अवाजवी म्हणता येणार नाही, असे त्यांचे मत होते. युनियन पॅसिफिकचे इतिहासकार मॉरी क्लाइन यांनीही (१९८७) प्रवर्तकांतील परस्परसंघर्षाचे बारकावे पुढे आणून 'लूट' या सरळसोट कल्पनेला छेद दिला. याउलट रिचर्ड व्हाइट यांनी २०११ मध्ये आंतरखंडीय रेल्वे कंपन्यांच्या अभ्यासात 'मैत्री' हेच उद्योगपती आणि राजकारणी यांच्यातील व्यवहाराचे चलन कसे होते, याकडे लक्ष वेधले.

या दोन मतप्रवाहांत वरवर विरोध दिसतो, पण त्यांचे प्रश्न वेगळे आहेत. नफा वाजवी होता काय, हा अर्थशास्त्रीय प्रश्न आहे. फोगेल यांचे उत्तर मान्य केले, तरी हा नफा कोणाच्या देखरेखीखाली झाला, हा राज्यशास्त्रीय प्रश्न शिल्लक राहतो. एम्स यांनी कदाचित एकही मत विकत घेतले नसेल. परंतु ज्या सदस्याच्या खात्यावर क्रेडिट मोबिलियरचा लाभांश जमा होत होता, त्याने रेल्वेच्या दरांवर मत देताना नागरिकांना दिसणारी त्याची निःपक्षपाती भूमिका संपलेली होती. ही हानी डॉलरमध्ये मोजता येत नाही. म्हणूनच नफ्याच्या फेरमोजणीने ती भरून निघत नाही.

निष्कर्ष

ओक्स एम्स यांच्या चरित्रातून तीन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली : एकोणिसाव्या शतकातील अमेरिकी राज्याने मोठी सार्वजनिक कामे खाजगी भांडवलाकरवी करून घेतली, परंतु त्यांवर देखरेख ठेवणारी यंत्रणा उभारली नाही. सरकारी संचालकांना समभाग घेण्यास बंदी आणि खुद्द कायदेकर्त्यांना मोकळीक, ही विसंगती याच उणिवेतून आली. दुसरी : एम्स यांची चूक लोभातून आली त्यापेक्षा अधिक भूमिकांच्या सरमिसळीतून आली. कारखानदारीत जी वृत्ती गुण ठरली, तीच सभागृहात दोष ठरली आणि दोहोंतील सीमारेषा त्यांना अखेरपर्यंत दिसली नाही. त्यामुळे त्यांचा दोष कमी होत नाही. मात्र सद्हेतू हा संस्थात्मक नियमांना पर्याय ठरू शकत नाही, हे त्यातून सिद्ध होते. तिसरी : प्रतिनिधिगृहाने देणाऱ्याला दोषी ठरवून घेणाऱ्यांना मुक्त केले. सभागृहाची प्रतिष्ठा राखण्यासाठी केलेल्या या निवाड्याने मूळ प्रश्नाला बगल दिली. एका वृद्ध कारखानदाराच्या निषेधाने प्रकरण मिटले, पण लोकप्रतिनिधीच्या हितसंबंधांवर कोणते बंधन असावे याचा नियम त्या दिवशी झाला नाही.

त्याच वर्षी, सप्टेंबर १८७३ मध्ये, नॉर्दर्न पॅसिफिक रेल्वेच्या भांडवल उभारणीत अडकलेली जे कुक यांची पेढी बुडाली आणि अमेरिका दीर्घ आर्थिक मंदीत लोटली गेली. रेल्वेच्या समभागांवर उभी असलेली श्रीमंती किती पोकळ होती, हे तेव्हा सर्वसामान्यांना कळले. त्या श्रीमंतीत ओक्स एम्स यांचे कारखान्यातून आलेले धनही होते आणि त्यांची कीर्तीही. त्यांच्या फावड्यांनी खोदलेला मार्ग टिकला, नाव दिलेले गाव विद्येचे केंद्र बनले. त्यांच्या निमित्ताने उभा राहिलेला प्रश्न मात्र सार्वजनिक साहाय्य आणि खाजगी नफा जेथे जेथे एकत्र येतात, तेथे प्रत्येक लोकशाहीला नव्याने सोडवावा लागतो.